मोतीबिंदू पिकायची वाट कशाला बघायची?

कृष्णाकाठ

मी एका ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी आहे. तपासणीच्या दिवशी बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांपेक्षा त्यांच्यासोबत आलेल्या मुलांशी आणि सुनांशी मला जास्त बोलावं लागतं. "मोतीबिंदू आहे म्हणताय, पण पिकलाय का? नसेल तर पिकू द्या. दिवाळी झाली की बघू." दिवाळी जाते, लग्नसराई जाते, सुगीही जाते. मग ते माणूस पुन्हा येतं तेव्हा त्याला हाताला धरून आणावं लागतं.

हा समज चूक आहे, एवढं सांगून भागत नाही. कारण एके काळी खुद्द डॉक्टरच हा सल्ला देत आणि त्या काळी तो बरोबर होता. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बुबुळाच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं. रुंदी नऊ-दहा मिलिमीटर, जाडी चारेक मिलिमीटर. त्यात एकही रक्तवाहिनी नाही, कारण असती तर आरपार दिसलंच नसतं. त्याच्या गाभ्यातल्या पेशी आपण आईच्या पोटात असताना तयार झालेल्या असतात, आणि उजेडाच्या वाटेत अडथळा नको म्हणून त्यांनी आपलं केंद्रकही टाकून दिलेलं असतं. आत क्रिस्टॅलिन नावाची प्रथिनं दाटीवाटीनं पण शिस्तीत रचलेली असतात. कातडी झडून नवी येते, रक्तातल्या तांबड्या पेशी चार महिन्यांत बदलतात, गाभ्यातली ही प्रथिनं मात्र जन्मभर तीच. ऊन, वय, रक्तातली साखर हे सगळं सोसता सोसता त्यांची घडी विस्कटते, ती एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात आणि त्या गठ्ठ्यांवर उजेड विखुरतो. हाच मोतीबिंदू. तो डोळ्यावर वाढलेला पापुद्रा नाही, त्यामुळे खरवडून किंवा धुऊन निघायचा प्रश्नच येत नाही.

आता पिकण्याचं. पूर्वी डोळ्याला जवळपास अर्धवर्तुळाकार छेद घेऊन भिंग बाहेर काढत. कच्च्या मोतीबिंदूचा चिकट गर आत उरायचा आणि डोळा सुजायचा. पूर्ण पिकलेला असला की तो सुटा होऊन नीट बाहेर यायचा. शिवाय आत दुसरं भिंग बसवायची सोय नव्हती. ऑपरेशननंतर डोळ्याला भिंगच नाही, म्हणून दहा नंबरचा जाड चष्मा. ज्याला अजून थोडंफार दिसतंय त्याचं असं ऑपरेशन केलं तर त्याचं नुकसानच जास्त. म्हणून डॉक्टर म्हणत, पूर्ण दिसेनासं होऊ द्या, मग या.

आज फेको नावाच्या पद्धतीत अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून एक बारीक सुई आत जाते, ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून तो ओढून घेते, आणि घडी केलेली कृत्रिम लेन्स त्याच छेदातून आत जाऊन उलगडते. भिंग मऊ असेल तितकं हे काम सोपं. पिकून टणक झालं, तपकिरी झालं, की ते फोडायला जास्त ऊर्जा लागते. तिचा मार बुबुळाच्या आतल्या पेशींच्या थराला बसतो, आणि त्या पेशी माणसात पुन्हा तयार होत नाहीत. म्हणजे वाट बघण्यानं ऑपरेशन सोपं व्हायचं ते दिवस गेले, आता वाट बघण्यानं ते अवघड होतं.

आणखीही लिहायचंय, पण आधी तुमचे अनुभव आणि शंका येऊ द्या.

माहेरवाशीण

ताई, फार गरजेचा धागा. माझ्या आईचं उलटंच झालंय. ती अडुसष्ट वर्षांची आहे. वीस वर्षं चाळिशीशिवाय तिला पोथी वाचता यायची नाही. गेल्या श्रावणापासून चष्मा न लावता वाचतेय, सुईत दोराही ओवते. सगळ्या आळीला सांगत सुटलीय की माझे डोळे सुधारले. फक्त टीव्हीवरची अक्षरं दिसत नाहीत म्हणते. हे खरंच सुधारणं आहे का?

कृष्णाकाठ

माहेरवाशीणताई, आईंना नक्की तपासून घ्या. भिंगाचा गाभा घट्ट व्हायला लागला की त्याची उजेड वळवायची ताकद वाढते आणि डोळा मायनस नंबरकडे झुकतो. जवळचं चष्म्याविना दिसायला लागतं, लांबचं जातं. बऱ्याच आजी-आजोबांना हा वरदानाचा काळ वाटतो, पण गाभ्यात मोतीबिंदू होऊ लागल्याचं ते लक्षण असतं. काही काळानं जवळचंही धूसर होतं. साखरही तपासून घ्या, कारण रक्तातली साखर वाढली तरी नंबर असा हलतो. घाबरायचं काहीच कारण नाही, पण 'डोळे सुधारले' म्हणून तपासणी टाळू नका.

नेत्रसेवक

मी सोलापूर भागात डोळ्यांचा दवाखाना चालवतो. कृष्णाकाठ यांनी लिहिलेलं सगळं बरोबर आहे, फक्त दुसऱ्या टोकाचंही सांगायला हवं. मोतीबिंदूची सुरुवात दिसली की लगेच टेबलावर घ्यायचं, असंही नाही. तक्त्यावर ६/९, म्हणजे जवळपास पूर्ण दिसतंय, गाडी चालवता येते, काही अडत नाही, अशा माणसाला मी सहा महिन्यांनी या म्हणून परत पाठवतो. तक्त्यावर किती ओळी वाचल्या यापेक्षा त्याचं काय अडतंय ते महत्त्वाचं. मोतीबिंदू भिंगाच्या मागच्या बाजूला असेल तर तक्ता बरा वाचणारा माणूसही रात्री समोरच्या गाडीचा दिवा अंगावर आला की आंधळा होतो. असा मोतीबिंदू स्टेरॉईड घेणाऱ्यांत आणि मधुमेहात जास्त दिसतो, आणि वाढतोही भराभर. त्याला थांबवून ठेवणं धोक्याचं.

एक गोष्ट सगळ्यांनी घरी सांगून ठेवा. लघवीच्या त्रासासाठी, म्हणजे प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनची गोळी चालू असेल तर ते डोळ्याच्या डॉक्टरला आधी सांगायचं. या गोळीनं बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडतो आणि ऑपरेशन चालू असताना फडफडतो, बाहुली आकसते. आधी कळलं तर आमची तयारी असते. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, तसा फारसा उपयोग होत नाही, नुसतं सांगा. डोळ्याचा आणि त्या गोळीचा काय संबंध, असं वाटून लोक गप्प राहतात.

रानवाट

डॉक्टरसाहेब, पिकू दिला आणि तसाच राहू दिला, तर नंतर ऑपरेशन अवघड होतं एवढंच ना? आमचे चुलते ऐकत नाहीत. एक डोळा पांढरा दिसतोय, दुसऱ्यानं भागतंय म्हणतात.

नेत्रसेवक

एवढंच नाही. जास्त पिकलेलं भिंग पाणी धरून फुगतं. ते फुगलं की डोळ्यातलं पाणी बाहेर पडायची वाट बंद होते आणि आतला दाब एकदम चढतो. डोळा लालभडक, अर्धं डोकं ठणकतं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, उलट्या होतात. उलट्यांमुळे घरचे पित्त समजून सोडा नाहीतर गोळी देतात आणि रात्र काढतात. त्या रात्रीत डोळ्याची नस मरू शकते, आणि मेलेली नस कुठल्याही ऑपरेशननं परत येत नाही. चुलत्यांना दुसऱ्या डोळ्यानं भागतंय म्हणून त्यांना धोका कळत नाही. माझ्याकडे असे रुग्ण येतात तेव्हा दाब उतरवून ऑपरेशन केलं तरी नजर पूर्ण येईल असं छातीठोक सांगता येत नाही. त्यांना या आठवड्यात घेऊन जा.

तंजावरकर

आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं, आता मुक्काम चेन्नई. मराठी घरात बोलतो, लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या.

मोतीबिंदूचा विषय निघाला की सुश्रुताचं नाव येतंच. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ती क्रिया इतकी बारकाईनं दिलीय की वाचताना वैद्य समोर उभा राहतो. रोग्यानं स्वतःच्या नाकाकडे बघत बसायचं, वैद्यानं डाव्या डोळ्यासाठी उजवा हात आणि उजव्यासाठी डावा हात वापरायचा, डोळ्याच्या पांढऱ्या भागातून शलाका घालायची, नंतर तुपाचा बोळा ठेवून पट्टी बांधायची, आणि रोग्यानं शिंकायचं, खोकायचं, ढेकर द्यायचा नाही. आजही ऑपरेशननंतर जोरात खोकू नका, वाकू नका असं सांगतात ना?

मात्र त्या क्रियेत भिंग बाहेर येत नसे. ते बाहुलीसमोरून मागे ढकललं जाई आणि डोळ्यातच राही. उजेड आत शिरायचा, माणसाला आकार दिसायचे, पण त्यातले कितीतरी डोळे पुढं सूज येऊन किंवा दाब वाढून जात. युरोपातही तेच चालायचं. संगीतकार बाख यांच्या डोळ्यांवर १७५० साली जॉन टेलर नावाच्या फिरत्या वैद्यानं अशीच सुई चालवली, नजर गेली आणि त्याच वर्षी बाख वारले. भिंग छेद घेऊन बाहेर काढायची पद्धत फ्रान्सच्या झाक दाव्हिएल यांनी १७४७ च्या सुमारास सुरू केली. आपल्याकडे गावोगाव फिरून भिंग पाडणारे लोक विसाव्या शतकातही होते. मद्रासच्या नेत्र रुग्णालयात काम केलेल्या रॉबर्ट एलियट या डॉक्टरांनी अशा बिघडलेल्या डोळ्यांचा अभ्यास करून १९१७ मध्ये त्यावर पुस्तकच काढलं.

आता आमच्या अभिमानाची गोष्ट. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे, कारकीर्द १७९८ ते १८३२. त्यांनी धन्वंतरी महाल उभारला, तिथं देशी आणि युरोपीय दोन्ही वैद्यक चालायचं. सरस्वती महाल ग्रंथालयात तिथल्या डोळ्यांच्या रुग्णांचे कागद सापडलेत, चाळीसहून जास्त. प्रत्येक रुग्णाची तक्रार, काय केलं, काय गुण आला याची इंग्रजीत टिपणं आणि काही डोळ्यांची रंगीत चित्रं. हा राजा भोसल्यांच्या वंशातला. महाराष्ट्रात सरफोजींचं नाव निघतं ते ग्रंथालयापुरतं, त्यांच्या नेत्रवैद्यकाबद्दल फार कमी लोकांना माहीत आहे, याचं मला वाईट वाटतं.

कृष्णाकाठ

तंजावरकर, मनापासून आभार. सरफोजीराजांच्या रुग्णपत्रांचं मला अजिबात माहीत नव्हतं. आणि तुमचं मराठी उत्तम आहे.

अंगणवाडी

आमच्या आजोबांचा तो जाड भिंगांचा चष्मा मला लख्ख आठवतो. चष्म्यामागे डोळे हे एवढे मोठे दिसायचे. आजोबा चहा बशीत ओतायचे तर निम्मा बाहेर जायचा, आणि आजी चिडायची. उंबरा ओलांडताना पाय उगाच उंच उचलायचे. आम्ही मुलं हसायचो. असं का होत असेल?

नेत्रसेवक

तो दोष आजोबांचा नव्हता, भिंगांचा होता. त्या जाड चष्म्यातून प्रत्येक वस्तू पाव पटीनं मोठी दिसते, म्हणून जवळ वाटते. हात तिथं जातो आणि वस्तू जरा पुढं असते. सरळ चौकट कडेला वाकलेली दिसते. चष्म्याच्या कडेभोवती एक गोल पट्टा असा असतो की त्यातलं काहीच दिसत नाही, त्यामुळे बाजूनं येणारं माणूस एकदम समोर उगवल्यासारखं होतं. आणि एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर दोन डोळ्यांना दोन मापांची चित्रं, ती मेंदूला जुळवता येत नाहीत. त्या पिढीनं किती सोसलं ते आपल्याला कळलं नाही.

यातून सोडवलं हॅरल्ड रिडली यांनी. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचघराचे तुकडे घुसत. ते काचघर पर्स्पेक्स नावाच्या प्लास्टिकचं होतं. रिडलींनी पाहिलं की ते तुकडे डोळ्यात वर्षानुवर्षं राहिले तरी डोळा त्यांच्यावर उठत नाही. त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग घडवून त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात डोळ्यात बसवलं. डोळ्यातून परकी वस्तू काढायची सोडून आत घालतोय, म्हणून त्या काळच्या मोठमोठ्या नेत्रतज्ज्ञांनी त्यांना कडाडून विरोध केला, आणि तो बरीच वर्षं चालला. म्हातारपणी रिडलींच्या स्वतःच्या डोळ्यांतही लेन्स बसवल्या गेल्या. त्यांना 'सर' हा किताब मिळाला तो थेट २००० साली. फेकोची कल्पना चार्ल्स केलमन यांना दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत सुचली. तिथलं दात साफ करायचं ध्वनिलहरींचं यंत्र बघून त्यांनी १९६७ पर्यंत डोळ्यासाठी सुई तयार केली.

आपल्याकडे हे गरिबांपर्यंत यायला आणखी काळ लागला. मदुराईच्या अरविंद नेत्रालयानं १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून लेन्स इथंच बनवायला घेतल्या आणि भाव पार उतरले. ज्यांनी ते रुग्णालय १९७६ साली अकरा खाटांवर सुरू केलं, त्या डॉ. व्यंकटस्वामींची बोटं संधिवातानं वाकडी झालेली होती, आणि त्याच बोटांनी ते मोतीबिंदू काढायचे. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीनं सात राज्यांत मोठा मोतीबिंदू प्रकल्प झाला, महाराष्ट्र त्यात होता. लेन्स टाकायची पद्धत जिल्ह्याच्या गावांपर्यंत रुळली ती या काळात. त्याआधी ऑपरेशन झालेल्या माणसांच्या नशिबी तो जाड चष्माच होता.

जलरंग

शाळेत चित्रकला शिकवायचो, आता निवृत्त. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं दोन महिन्यांनी आहे, आणि मधल्या काळात मला जे दिसतंय ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. दोरीवर पांढरा सदरा वाळत घातलेला. डावा डोळा झाकला तर सदरा निळसर पांढरा, उजवा झाकला तर तोच सदरा चहात बुडवून काढल्यासारखा. गेली काही वर्षं मी सगळं जग या पिवळ्या काचेतून बघत होतो आणि मेंदूनं मला ते कळूच दिलं नाही. काही वर्षांपूर्वी रंगवलेली चित्रं काढून पाहिली. त्यात निळा मी कुठच्या कुठं जास्त ओतलाय!

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांचं असंच झालं. १९१२ मध्ये त्यांना मोतीबिंदू असल्याचं सांगितलं गेलं. ऑपरेशनला ते घाबरत होते, रंग बदलतील या भीतीनं. त्यानंतरच्या वर्षांत जिव्हर्नीच्या बागेतल्या जपानी पुलाची जी चित्रं त्यांनी काढली, ती त्यांच्या आधीच्या त्याच पुलाच्या चित्रांशेजारी ठेवून बघा. हिरवा-निळा गेलाय आणि विटकरी, तपकिरी, जळके पिवळे रंग आलेत. शेवटी १९२३ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मग त्यांना सगळं निळं दिसायला लागलं आणि ते हैराण झाले. रंगीत काचांचे चष्मे वापरून पाहिले. पॅरिसच्या ओरांजरीतली ती भिंतभर कमळं या सगळ्या भानगडीतून पूर्ण झालीत. मी फोटोंतच पाहिलीत, पण आता ती चित्रं मला वेगळी कळतात. आपलं नैसर्गिक भिंग अतिनील किरण अडवतं. मोनेंच्या डोळ्यात भिंगच उरलं नव्हतं, आणि लेन्सचा शोध लागायचा होता, त्यामुळे ते किरणही आत जात असणार. हल्लीच्या लेन्समध्ये अतिनील अडवायची सोय असते, डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं.

अंगणवाडी

जलरंगकाका, अप्रतिम लिहिलंय. सदऱ्याचा प्रयोग बाबांना करायला लावते.

सूरपारंबी

एक वेगळी बाजू. जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळंही असतात. माझ्या बहिणीच्या मुलीला होता. दीड महिन्याची असताना काढलेल्या फोटोत एका बाहुलीत तांबड्याऐवजी पांढरी चमक दिसली आणि बहिणीला शंका आली. शेजारणी म्हणाल्या, मोठी झाली की जाईल. ती थांबली नाही म्हणून बाळाचा डोळा वाचला. ऑपरेशनपेक्षाही पुढचं कठीण गेलं. चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावायची, म्हणजे दुसऱ्या डोळ्याला काम करावं लागतं. तान्ही पोर ती पट्टी ओढून काढायची आणि रडायची. बहिणीनं आणि तिच्या सासूबाईंनी पाळ्या लावून ते केलं. आता मुलगी शाळेत जाते.

कृष्णाकाठ

सूरपारंबी, तुमच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा. मोठ्यांमध्ये मोतीबिंदू उशिरा काढला तरी नजर बहुतेक वेळा परत येते, कारण मेंदू बघायला आधीच शिकलेला असतो. बाळाचा मेंदू पहिल्या काही महिन्यांत बघायला शिकतो. तेव्हा स्पष्ट चित्र पोचलं नाही तर पुढं डोळा निर्मळ करूनही मेंदू ते चित्र घेत नाही. म्हणून बाळाच्या दाट मोतीबिंदूला आठवड्यांचा हिशेब असतो. बाहुलीत पांढरं दिसलं तर त्याच आठवड्यात डोळ्याच्या डॉक्टरकडे जा, कारण तसंच लक्षण डोळ्याच्या कर्करोगाचंही असू शकतं. अंगणवाडी आणि शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना दाखवलं तरी पुढची सोय होते.

पिंपळपार

यालाच जोडून. आयर्लंडच्या विल्यम मॉलिन्यू यांनी १६८८ मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्रातून एक प्रश्न विचारला होता. जन्मांध माणसाला हाताच्या स्पर्शानं चेंडू आणि ठोकळा ओळखता येतो. त्याला अचानक दिसायला लागलं तर हात न लावता, नुसतं बघून तो ते ओळखेल का? तीनशे वर्षं यावर वाद चालला. उत्तर मिळालं ते भारतात. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे पवन सिन्हा यांनी प्रोजेक्ट प्रकाश सुरू केला. उत्तर भारतातल्या खेड्यांत जन्मापासून न दिसणारी मुलं शोधायची, दिल्लीत त्यांचं ऑपरेशन करून घ्यायचं, आणि मग ती बघायला कशी शिकतात याचा अभ्यास करायचा. २०११ मध्ये त्यांनी पाच मुलांचे निकाल छापले. आठ ते सतरा वर्षांची मुलं, पट्टी निघून फार तर दोन दिवस झालेले. हातानं चाचपलेली वस्तू नजरेनं ओळखायला सांगितली तर त्यांची उत्तरं अंदाजपंचेच आली. म्हणजे मॉलिन्यू यांच्या प्रश्नाला उत्तर 'नाही'. पण काही दिवसांतच तीच मुलं ते नीट करू लागली. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की इतक्या उशिरा ऑपरेशन होऊनही मुलं काही ना काही बघायला शिकली. त्याआधी बऱ्याच डॉक्टरांना वाटायचं की सात-आठ वर्षांनंतर काही उपयोग नाही. ताईंनी वर लिहिलेली घाई खरीच आहे, पण उशीर झाला म्हणून मुलाला घरी बसवून ठेवू नये.

रानवाट

चुलत्यांना एका ओळखीच्यानं थेंब दिलेत, 'मोतीबिंदू विरघळतो' म्हणून. बाटलीवर कंपनीचं नावही नाही.

कृष्णाकाठ

रानवाटदादा, ते थेंब आजच बंद करायला सांगा. माणसाचा मोतीबिंदू विरघळवणारं कुठलंही औषध आज सिद्ध झालेलं नाही. आणि नाव-गाव नसलेल्या बाटलीत स्टेरॉईड असेल तर डोळा चार दिवस पांढराशुभ्र, शांत दिसतो, बरं वाटतं, आणि आत काचबिंदू वाढत राहतो. मध, कांद्याचा रस, दूध, यातलं काही म्हणजे काही डोळ्यात घालू नका.

माहेरवाशीण

आईला दाखवून आणलं. दोन्ही डोळ्यांत सुरुवात आहे, साखर ठीक आहे. डॉक्टरांनी लेन्सचे चार प्रकार सांगितले आणि प्रत्येकाचा दर वेगळा. महागडी घेतली तर चष्मा लागत नाही म्हणाले. भाऊ म्हणतो आईसाठी सगळ्यात महागडीच घेऊ. काय करावं?

कृष्णाकाठ

दर बाजूला ठेवा आणि आधी आई दिवसभर काय करतात ते सांगा. माझ्याकडे शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आल्या होत्या. मशिनच्या पायाखालचा टाका दिसला पाहिजे, एवढीच त्यांची मागणी. त्यांना साधी लेन्सच बसवली, पण नंबर जवळचा धरून. लांबचं बघायला त्या चष्मा लावतात आणि खूश आहेत. रात्री पाणी धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला लांबचं दिसलं पाहिजे, वाचायला चष्मा लागला तरी चालतो. लांब-जवळ दोन्ही दाखवणाऱ्या लेन्समध्ये उजेड वाटला जातो, त्यामुळे रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात आणि मंद उजेडात जरा फिकं वाटतं. डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) खराब असेल किंवा काचबिंदू असेल तर ती लेन्स बहुधा नकोच. साधी लेन्स हलकी नसते. सरकारी रुग्णालयात फुकट बसवतात तीही वर्षानुवर्षं उत्तम चालते. आईंना पोथी वाचायची आवड आहे, तर डॉक्टरांना तसं सांगा आणि त्यांनाच ठरवू द्या. निर्णय मुलांनी परस्पर घ्यायचा नसतो, डोळा त्यांचा आहे.

हे लिहिताना एक फार दिवस मनात असलेलं लिहून टाकते. घरातल्या पुरुषाला पेपर वाचता येईना की महिन्याभरात तो तपासणीला येतो. बाईला तांदळातले खडे दिसेनात, भाकरी करपायला लागली, चुलीवर हात भाजला, तरी 'घरातल्या घरात भागतंय की' म्हणून तिला बसवून ठेवतात. ती स्वतःही बोलत नाही. मी तपासते त्या पूर्ण पिकलेल्या डोळ्यांत बायकांचे डोळे जास्त असतात. चुलीच्या धुराचा मोतीबिंदूशी संबंध भारतातल्या आणि नेपाळमधल्या अभ्यासांत दिसलाय, म्हणजे झळ त्यांनाच जास्त आणि उपचारही त्यांनाच उशिरा. मला याचा राग येतो.

कासारघाट

माझा अनुभव कडू आहे. माझ्या मामीचं एका शिबिरात ऑपरेशन झालं, नंतर तपासायला कोणी आलं नाही, डोळा लाल झाला तर कुणाकडे जायचं तेही कळेना. तेव्हापासून घरात शिबिराचं नाव काढत नाही कुणी.

नेत्रसेवक

तुमचा राग रास्त आहे. ऑपरेशन करून माणसाला वाऱ्यावर सोडणं हा गुन्हाच. पूर्वी शाळेत, धर्मशाळेत टेबलं टाकून ऑपरेशनं व्हायची. आता नियमानुसार शिबिरात फक्त तपासणी करायची आणि ऑपरेशन रुग्णालयाच्या थिएटरमध्येच व्हायला हवं. चांगली शिबिरं पुष्कळ झालीत. आनंदवनात डॉ. तात्याराव लहाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरोग्यांच्या डोळ्यांसाठी वर्षानुवर्षं शिबिरं घेतली, जिथं बोटांची संवेदना गेलेल्या माणसाला नजर हाच आधार. म्हणून शिबिरं टाळू नका, पण जाताना दोन गोष्टी विचारा. ऑपरेशन कुठल्या रुग्णालयात होणार, आणि दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं, महिन्यानं कोण तपासणार. उत्तर गोलमाल आलं तर परत फिरा.

आणि ऑपरेशन कुठंही झालेलं असो, पहिल्या आठवड्यात दुखायला लागलं, लाली वाढली, आलेली नजर पुन्हा कमी झाली, तर सकाळची वाट बघू नका. आत जंतू गेले असतील तर तासांवर डोळा ठरतो.

अंगणवाडी

बाबांचं तीन वर्षांपूर्वी झालंय. आता पुन्हा धुरकट दिसतंय म्हणतात. मोतीबिंदू परत आला का? पुन्हा ऑपरेशन?

कृष्णाकाठ

मोतीबिंदू परत येत नाही, कारण भिंगच काढलेलं असतं. लेन्स ज्या पातळ पिशवीत बसवतात तिच्या मागच्या बाजूवर उरलेल्या पेशी पसरतात आणि ती गढूळ होते. याग लेझरनं त्या पिशवीला मध्यभागी छोटी खिडकी पाडतात. बसल्या बसल्या पाच-दहा मिनिटांत होतं, सुई नाही, पट्टी नाही. मात्र त्याआधी पडदा आणि डोळ्याचा दाब तपासून घ्यायला सांगा, धुरकट दिसण्याचं कारण तिथंही असू शकतं. बाबांना मधुमेह असेल तर पडद्याची तपासणी तशीही दर वर्षी हवीच.